मुसळ आधी, कुसळ नंतर

नमस्कार मंडळी!

मराठी ख्रिस्ती माणूस ‘मंडळी’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात चर्चही असतं. आज हा शब्द दोन्ही अर्थांनी घ्या. विषय आहे मत्तय ७:१, म्हणजे बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या सातव्या अध्यायाचं पहिलं वचन, ‘दोष काढू नका’. बायबल कधी न उघडलेल्यांनाही हे वचन ठाऊक असतं. कोणी चुकीला चूक म्हणालं, की ते पुढे केलं जातं आणि बोलणं तिथेच खुंटतं.

मूळ लिखाणात वचनांना आकडे नव्हते. अध्याय तेराव्या शतकात पाडले गेले आणि नव्या कराराला आजचे वचनक्रमांक रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१मध्ये दिले. संदर्भ शोधणं सोपं झालं, पण एकच ओळ उचलून न्यायची सवयही लागली. नागपूरकरांना यातला धोका स्टीफन हिस्लॉप यांच्या कामावरून कळेल. ज्यांच्या नावाचं कॉलेज आपल्याकडे आहे, तेच हे स्कॉटिश मिशनरी. टाकळीच्या परिसरात काळ्या पाषाणाच्या थरांमध्ये दबलेल्या गाळातून त्यांनी जीवाश्म शोधले. शिंपला कोणत्या थरात होता याची नोंद नसेल, तर त्याचा काळ सांगता येत नाही. वचनाचेही वरचे-खालचे थर आधी पाहावे लागतात.

सातव्या अध्यायात लगेच पुढचं, दुसरं वचन मापाचं आहे: ज्या मापाने तुम्ही द्याल, त्याच मापाने तुम्हाला मिळेल. मग कुसळ आणि मुसळ. आपली म्हण ‘स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही’ इथे थांबते. येशू तिथे थांबत नाही. पाचव्या वचनात तो म्हणतो, आधी आपलं मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल. कुसळ काढायचंच आहे. डोळ्यात राहिलं तर ते सलत राहणार. बंदी आहे ती क्रम उलटा करण्यावर. लगेच सहावं वचन येतं, डुकरांपुढे मोती टाकू नका. पारख केल्याशिवाय हे पाळायचं कसं?

त्याच अध्यायात पुढे, पंधरा ते वीस वचनांत, खोट्या संदेष्ट्यांची ओळख फळांवरून करायला सांगितली आहे. संत्र्याची बाग ज्यांनी पाहिली त्यांना हे समजावून सांगायला नको. संत्र्याचा डोळा जंबेरी या आंबट लिंबाच्या जातीच्या खुंटावर भरतात. खुंटाचे फुटवे वेळीच काढले नाहीत तर तेच वर येतात. हिरवं झाड पाहून वरवर बघणाऱ्याला काही कळत नाही. फळ धरलं, की आंबट जंबेरी हाती येते. पारखायला बहर यावा लागतो, तेवढा धीर हवा.

आता योहान ७:२४: ‘तोंड पाहून न्याय करू नका, तर यथार्थ न्याय करा.’ यथार्थ म्हणजे काय, ते आधीच्या तीन वचनांत आहे. अडतीस वर्षं आजारी असलेल्या माणसाला येशूने शब्बाथाला, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, बरं केलं (ती घटना पाचव्या अध्यायात आहे), म्हणून लोक चिडले होते. तो विचारतो: बाळाच्या जन्माचा आठवा दिवस शब्बाथाला आला तरी तुम्ही सुंता करता, मोशेचं नियमशास्त्र मोडू नये म्हणून, मग सबंध माणूस बरा केला तर राग का? म्हणजे नियम एकच, मापं दोन. जुन्या करारातलं लेवीय १९:१५ तर गरिबाचीही बाजू घेऊ देत नाही आणि थोराचीही. गरिबाबद्दलचा हा भाग आपण सहसा वाचतच नाही.

पौल या प्रेषिताने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात ४:५ म्हणतं, वेळेआधी न्याय करू नका. आणि पाचव्या अध्यायात तोच पौल उघड व्यभिचाराबद्दल मंडळीने निर्णय घ्यावा म्हणतो. यात विसंगती नाही. चौथ्यात अंतःकरणातले हेतू आहेत, ते फक्त देवाला दिसतात. पाचव्यात सर्वांना ठाऊक असलेलं कृत्य आहे, आणि तेही मंडळीतल्याचं. बाहेरच्यांचा न्याय देव करील.

प्रत्यक्ष कसं करायचं ते मत्तय १८:१५-१७ सांगतं. आधी एकट्याने, एकांतात भेटायचं. ऐकलं नाही तर एक-दोन साक्षीदार न्यायचे; जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातला (१९:१५) साक्षीचा नियम इथे लागू होतो. तरी ऐकलं नाही, तरच मंडळीपुढे. चूक होते ती इथेच: बहुतेक तंटे सुरूच तिसऱ्या पायरीवरून होतात, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर. मग पहिली पायरी चढायला कोणी उरत नाही. ‘दोघे किंवा तिघे माझ्या नावाने’ हे विसावं वचन आपण लहान प्रार्थनासभेला लावतो, पण ते आलंय याच साक्षीदारांच्या मागोमाग. आणि त्याला लागूनच पेत्राचा प्रश्न आहे, भावाला किती वेळा क्षमा करायची?