टॉम अँड जेरीमधली ती बाई

टॉम अँड जेरी आपण सगळ्यांनीच बघितलंय, शाळेतून आलं की दप्तर टाकून डायरेक्ट टीव्हीसमोर. त्यातली ती बाई आठवतेय? म्हणजे तिचे पायच आठवतील, जाडजूड पाय, पायात सपाता, हातात झाडू आणि टॉमवर ओरडणारा खणखणीत आवाज. एखादा क्षण सोडला तर तिचा चेहरा कधी दिसलाच नाही.

ती घरकाम करणारी ब्लॅक बाई. अमेरिकेत या साच्याला 'मॅमी' म्हणतात, गोऱ्यांच्या घरात राबणारी, मालकांच्या पोरांवर जीव टाकणारी, आणि स्वतःचं घर, पोरं, काही म्हणजे काहीच नसलेली. गुलामी १८६५ ला संपली, पण हा साचा जाहिरातीत आणि सिनेमात चालूच राहिला.

पहिलं टॉम अँड जेरी आलं फेब्रुवारी १९४० मध्ये. त्याच महिन्यात, २९ तारखेला, लॉस एंजेलिसमध्ये हॅटी मॅकडॅनियल या अभिनेत्रीला ऑस्कर मिळालं, 'गॉन विथ द विंड' या सिनेमासाठी. ऑस्कर जिंकणारी पहिली ब्लॅक व्यक्ती. आणि त्यात तिने केलेल्या पात्राचं नाव काय, तर मॅमी, दुसरं नावच नाही तिला. ज्या हॉटेलात कार्यक्रम होता तिथे ब्लॅक लोकांना घेत नसत, प्रोड्युसरने शब्द टाकला म्हणून हॅटीला आत सोडलं आणि टेबल दिलं भिंतीकडेला, बाकी कलाकारांपासून लांब. त्याआधी अटलांटात सिनेमाचा प्रीमियर झाला तेव्हा तर तिला जाताच आलं नव्हतं.

तिच्यावर ब्लॅक संघटनांनी टीकाही केली, मोलकरणीच किती करणार म्हणून. टीका मला पटते, पण हॅटीवर राग काढणं नाही पटत, कारण तिच्यासाठी दुसरे रोल लिहीत कोण होतं?

कार्टूनमधला त्या बाईचा आवाज लिलियन रँडॉल्फ या ब्लॅक अभिनेत्रीचा, पडद्यावर तिचं नाव येत नसे. १९५२ ला हॅटी आजारी पडली आणि तिचा रेडिओवरचा रोल लिलियनकडे आला, तोही मोलकरणीचाच, ब्यूला नावाच्या. हॅटी त्याच वर्षी गेली. हॉलिवूडच्या ज्या दफनभूमीत पुरा म्हणाली होती तिथे तिला जागा दिली नाही, ती फक्त गोऱ्यांसाठी होती.

पुढे साठच्या दशकात टीव्हीसाठी ही जुनी कार्टून्स परत चितारली. ब्लॅक बाईला आता तरी चेहरा द्यावा असं काही झालं नाही, तिचे पाय काढून तिथे गोऱ्या बाईचे पाय आले. आणि लिलियनचा आवाज पुसून दुसरीचा भरला.