सकाळी एक पांढरी, रात्री अर्धी गुलाबी

(दृश्य: तंबूतला दवाखाना. टेबलावर कापूस, औषधांची खोकी, बीपीचं यंत्र.)

भूकंपाला नऊ दिवस झालेत. कॅमेऱ्यांची गर्दी ओसरली, पण ही रांग रोज वाढतेय. रांगेत हाड मोडलेले थोडेच. बाकीच्यांना खोकला, जुलाब, चिघळलेल्या जखमा. आणि हे आजोबा.

"कुठली गोळी घेता?"
"सकाळी एक पांढरी, रात्री अर्धी गुलाबी."

चिठ्ठी घरात होती. घर म्हणजे मागे दिसतोय तो ढीग. सिस्टर दंडाला पट्टा गुंडाळते, बीपी मोजते. पुन्हा मोजते.

(दृश्य: ढिगारा, बचावपथक.)

पहिले दोन-तीन दिवस सुटकेचे. चेंगरलेल्या स्नायूंतली द्रव्यं रक्तात उतरली की मूत्रपिंडं बंद पडू शकतात. म्हणून माणूस अजून अडकलेला असतानाच, जमलं तर, सलाईन सुरू करतात. ही धावपळ सगळ्यांना दिसते. इन्सुलिन संपलेला माणूस कुणाला दिसत नाही.

खिळा लागला, पत्र्याने कापलं, तर कोण रांग लावतो? २००६ साली इंडोनेशियात योग्याकार्ताच्या भूकंपानंतर धनुर्वाताचे रुग्ण येऊ लागले, तेव्हा बचावकार्याची घाई सरली होती. जखम धुणं आणि एक इंजेक्शन, एवढंच वेळेवर हवं असतं.

२०१६ मध्ये जपानच्या कुमामोतोत धक्क्यांच्या भीतीने लोक गाडीतच झोपले. तासन्‌तास पाय दुमडलेले. काहींच्या पायांत रक्ताच्या गाठी झाल्या, फुफ्फुसांपर्यंत गेल्या.

(दृश्य: छावणी, संध्याकाळ. पाण्याचा टँकर.)

मृतदेहांमुळे साथ येते, ही भीती बहुतांशी खोटी. साथ येते ती घाण पाण्यातून आणि गर्दीतून. माणशी दिवसाला निदान १५ लिटर पाणी, वीस जणांमागे एक संडास, हे मदतकार्यातलं मान्य प्रमाण. पण तो संडास छावणीच्या टोकाला, अंधारात असेल तर? बायका दुपारनंतर पाणी पिणंच सोडतात. मग लघवीची जळजळ, ताप. आमच्या मते तिथे डॉक्टरआधी दिवा पोचायला हवा, आणि दाराला आतून कडी.

(दृश्य: पुन्हा दवाखाना.)

डॉक्टरांनी आजोबांना सात दिवसांच्या गोळ्या दिल्यात. या दोन्ही पांढऱ्याच. सिस्टर पुडीवर एक सूर्य काढते, दुसरीवर चंद्र.

आजोबा पुड्या सदऱ्याच्या खिशात ठेवतात. वरून सेफ्टीपिन लावतात.