आदल्या दिवशीची ओहोटी

न्यू जर्सी. अटलांटिकच्या कडेनं वाळूचा लांब पट्टा, त्याच्या आड पडलेली बार्नेगॅटची खाडी. डिसेंबरची दुपार, पाणी उतरतंय. बदकांची शिकार उद्या पहाटे, जागा हेरायला होडी मात्र आजच निघालीय. बंदूक घरी.

भरतीच्या वेळी सगळं खाजण सारखंच दिसतं. पाणी गेलं की कळतं, बदकं कुठे उतरतात. हा चिखल बघा. पडद्याच्या पायांचे ठसे, एक पीस, ओली विष्ठा. काळं बदक इथे गोगलगायी आणि शिंपल्या टिपून गेलंय, आणि तेही आजच. कालचं काही असतं तर मधल्या भरतीनं पुसून टाकलं असतं.

आपल्या कोकणात उधाण-भांगाचा हिशेब तिथीवर चालतो. इथे आतल्या खाडीत पाण्याची चढउतार तशी थोडीच. खरी सत्ता वाऱ्याची. वायव्येचा वारा जोरात लागला की पाणी बाहेर लोटलं जातं आणि कोष्टकात भरती असताना होडी चिखलात रुतते. म्हणून खाजणात शिरणाऱ्या प्रत्येक नाळीच्या, म्हणजे पाण्याच्या अरुंद वाटेच्या, तोंडाशी वल्हं उभं रोवून बघायचं. पातंसुद्धा बुडत नसेल, तर ती वाट पहाटेच्या अंधारात नको.

याच खाडीसाठी 1836 मध्ये वेस्ट क्रीक गावच्या हेझल्टन सीमननं होडी बांधली, स्नीकबॉक्स. सीडरच्या फळ्यांची, जेमतेम 12 फूट, पाण्यालगत चपटी. वर गवत पसरायचं, आत माणूस आडवा. ‘सैतानाची शवपेटी’ हे तिचं जुनं नाव. आत पडून थंडी खाल्ली की ते पटतं.

नियम कडक आहेत. गोळीबार सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून, शिशाचे छर्रे 1991 पासून बंद. परवान्यासोबत लागणाऱ्या डक स्टॅम्पचा पैसा 1934 पासून पाणथळ जागा राखायला जातो. आपल्याकडे शिकारीलाच बंदी, त्यामुळे इथल्या एडिसन गावातल्या मराठी घरांत हे सांगितलं की आधी भुवया उंचावतात.

संध्याकाळ. इंजिन बंद. बदकं दिवसभराची खाडी सोडून गवतातल्या डबक्यांकडे निघालीत. उतरताना ती वाऱ्याला तोंड देतात, म्हणून दडणाऱ्याच्या पाठीशी वारा हवा आणि खऱ्यांना भुलवायला पाण्यावर सोडलेली खोटी बदकं समोर. आज तीन जागा हेरल्यात, तीन दिशांच्या वाऱ्यांसाठी. कुठल्या जागी जायचं, ते पहाटे चारला दार उघडल्यावर कळेल.