सूर्यावरचे डाग आणि आपला उकाडा

मंडळी, मे महिन्यात फोंड्याच्या बाजारात भर दुपारी हमखास कानावर पडतं, "सूर्यच तापलाय, दुसरं काय!" हे बोलणं हसण्यावारी नेऊ नये. सूर्याचं तेज खरोखरच कमी-जास्त होतं. जर्मनीतल्या श्वाबे नावाच्या हौशी निरीक्षकाने वर्षानुवर्षं सूर्यावरचे डाग मोजले आणि ते साधारण दहा वर्षांनी वाढतात-घटतात, असं १८४३ साली मांडलं. आज हे चक्र सरासरी ११ वर्षांचं धरतात. गंमत अशी, की डाग काळे. पण ते वाढले की सूर्य किंचित जास्तच तेजाळतो. डागांभोवतीचे लखलखीत भाग त्यांची तूट भरून काढतात, वर थोडं उरतंच.

आता हे 'किंचित' केवढं? वातावरणाच्या माथ्यावर, सूर्यासमोर धरलेल्या एका चौरस मीटरवर सुमारे १३६१ वॅट ऊर्जा येते. चक्रातला चढ-उतार जेमतेम एका वॅटचा. पृथ्वी गोल, तिची अर्धी बाजू सदा अंधारात आणि आलेल्या उजेडातला तीस टक्के तर परतच जातो. हिशेब केला तर सरासरी ०.२ वॅटसुद्धा हाती लागत नाही. जगाच्या तापमानात त्याने फरक पडतो तो अंशाच्या दहाव्या हिश्श्याएवढा. माणसाने हवेत सोडलेल्या एकट्या कार्बन डायऑक्साइडमुळे पडणारा जादा उष्णतेचा भार चौरस मीटरमागे दोन वॅटच्या वर गेला आहे, आणि तो अकरा वर्षांनी उतरत नाही.

मग दुर्बिणी नव्हत्या तेव्हाचा सूर्य कसा कळतो? बर्फातून. आपल्याकडे वास्कोला, हेडलँड सड्यावर, ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. अंटार्क्टिकातल्या बर्फाच्या लांब कांड्या तिथे अभ्यासल्या जातात. अशा बर्फात बेरिलियम-१०, म्हणजे बेरिलियम या मूलद्रव्याचा एक किरणोत्सारी प्रकार, सापडतं. अंतराळातून येणारे वैश्विक किरण हवेवर आदळले की ते तयार होतं. सूर्य जोरात असला की त्याचं चुंबकीय क्षेत्र हे किरण अडवतं, म्हणून त्या काळातल्या थरात बेरिलियम कमी. १६४५ ते १७१५ या काळात डाग जवळजवळ नाहीसेच झाले होते, आणि त्या काळाची खूण बर्फातही उमटली आहे. तेव्हा युरोप गारठला होता हे खरं. पण ती थंडी डाग जाण्याच्या आधीच सुरू झाली होती, आणि ज्वालामुखींचाही तिच्यात हात होता. सगळं श्रेय सूर्याला देणारे हे सोयीस्करपणे गाळतात.

१९७८ पासून उपग्रह सूर्याचं तेज थेट मोजताहेत. त्यात चढता कल नाही. पृथ्वी मात्र तापतेच आहे. मला सगळ्यात पटणारा पुरावा वेगळा आहे. सूर्य तापला असता, तर हवेचे खालचे-वरचे सगळेच थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि त्यावरचा स्थितांबर थंड होतोय. त्यात ओझोन घटल्याचा वाटा आहेच. पण स्थितांबरात जसजसं वर जावं तसतसं हे थंड होणं वाढतं, आणि ती करणी मुख्यतः कार्बन डायऑक्साइडची आहे.