केंद्र बदलून बसा
(व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित रूप)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, पत्रिकेत विषय छापलाय 'आत्मशंका आणि नवी सुरुवात'. म्हणजे हा माणूस आता आपल्याला उभं करून 'मी करू शकतो' असं तीनदा ओरडायला लावणार, अशी धास्ती काही चेहऱ्यांवर दिसतेय. निर्धास्त बसा. ते करणारे वक्ते वेगळे, त्यांचं मानधनही वेगळं.

मला मात्र आधी तुम्हाला मुरुडला न्यावं लागेल. दापोलीजवळचं मुरुड हो, जंजिऱ्याचं नव्हे. तिथला एक मुलगा, धोंडो केशव कर्वे. आपले महर्षी, पण तेव्हा नुसता धोंडू. जन्म १८५८चा. मराठी सहावीची सरकारी परीक्षा द्यायची होती, कारण ती झाली की मास्तरकी मिळण्याची सोय. केंद्र साताऱ्याला. सुमारे ११० मैल, मध्ये अख्खा सह्याद्री, आणि जायचं पायी. आपल्या नातवाचं केंद्र गावाच्या दुसऱ्या टोकाला आलं तर आपण बोर्डाचा उद्धार करतो! असो. मुलगा पोचला, समितीपुढे उभा राहिला. अंगकाठी लहान. साहेबांनी वर-खाली पाहिलं आणि ठरवलं, याला सतरा पूर्ण नाहीत. परीक्षेला बसता येणार नाही. संपलं.

बघा हं, गणित चुकलं नाही, शुद्धलेखन चुकलं नाही. पेपर हातातच आला नाही. तोंड बघून निकाल! आणि हा मुलगा मुळातच लाजाळू, भिडस्त; चारचौघांत तोंड उघडायची मारामार. त्यानं काय केलं? साताऱ्याला आपलं वय पटवत बसला नाही. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन बसला आणि पास झाला.

माझं सगळं तत्त्वज्ञान या कोल्हापुरात आहे. (हशा) तांबड्या रश्श्याबद्दल बोलत नाहीये मी.

आपण नेमकं उलटं करतो. कुणाच्या तरी मुंजीत काकांनी सगळ्यांदेखत म्हटलेलं असतं, 'हिच्याच्यानं काही शिक्षण व्हायचं नाही.' काका जाऊन वीस वर्षं होतात, पण ती समिती बरखास्त होत नाही. बाई पन्नाशीला आली तरी मनातल्या मनात काकांना दाखले सादर करतेय. आपण याला आत्मशंका म्हणतो. अहो, त्यातली निम्मी शंका आपली नसतेच, ती काकांची! आणि काकांची खात्री पटल्यावर सुरुवात करू म्हणाल तर...

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे जे सांगायला बोलावलंत ते आता पळत पळत सांगतो.

एक, वय. कर्वे मॅट्रिक झाले १८८१ला, तेविसाव्या वर्षी. महिला विद्यापीठ काढलं १९१६ला, अठ्ठावन्नाव्या वर्षी, आपण निवृत्तीचे कागद रंगवतो त्या वयात. सत्तरी ओलांडल्यावर जगप्रवास, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खेड्यांतल्या शाळांसाठी नवी संस्था.

दोन, लोक. १८९३ला विधवेशी लग्न केलं म्हणून मुरुडनं बहिष्कार घातला. मुरुडचं मन वळेपर्यंत ते थांबले असते तर पुण्याजवळ हिंगण्याचं, विधवांच्या आश्रमाचं काम उभं राहिलं नसतं. भिडस्तपणा गेला आणि मग काम सुरू झालं, असंही नाही. तो बरोबरच होता, वर्गणी मागतानासुद्धा.

तीन, तुमचं कोल्हापूर. दहावी राहिली असेल तर सतरा नंबरचा फॉर्म आहे, बाहेरून बसता येतं. पुढचं शिकायचं असेल तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९पासून आहे. पेटी शिकायची असेल तर ज्या गल्लीत तुमच्या गाण्याला हसले, तिथला क्लास लावू नका, पलीकडच्या गल्लीतला लावा. घरी लगेच सांगायलाच हवं असंही नाही.

दुसरी चिठ्ठी. बरं. फॉर्म भरायला मदत हवी असेल त्यांनी चहाच्या वेळी मला गाठा. शाळा सोडल्याचा दाखला तेवढा आज रात्रीच कपाटातून शोधून ठेवा, तो कधीच वेळेवर सापडत नाही.