मुलग्यांची शाळा

[दृश्य: पहाट. दांडिया बाजार. दारांच्या कड्यांना लटकलेल्या दुधाच्या पिशव्या.]

निवेदन:

पहाटेचे साडेपाच. बडोद्याचा दांडिया बाजार. जुन्या मराठी वस्तीतलं हे जुम्मादादा व्यायाम मंदिर, 1880 पासूनचं. उस्ताद जुम्मादादा मुसलमान होते, त्यांची परंपरा चालवली माणिकरावांनी. या माणिकरावांना अख्खं गाव ‘प्रोफेसर’ म्हणायचं. लाल मातीला प्रोफेसर मिळाला, अशी गावं फार नसतील. ते जोर-बैठका, जोडी फिरवणं, मल्लखांब शिकवत आणि मोडलेली हाडंही बसवत. 1907 ते 1910 या काळात डभोईचा एक तरुण त्यांच्या हाताखाली तयार झाला, जगन्नाथ गुणे. पुढं लोणावळ्याला कैवल्यधाम काढणारे स्वामी कुवलयानंद ते हेच.

या आवारात मुलग्यांचे पुरुष व्हायचे. आपोआप नाही, वेळापत्रक लावून. छाती किती काढायची, पाऊल कसं टाकायचं आणि लागलं तर रडायचं नाही, हे सगळं शिकवण्यात यायचं.

[दृश्य: वाड्यातलं माजघर. मंगळागौर. फुगडीची फेरी, पाय जवळून.]

बायकांचाही आखाडा होता, फक्त त्याला कुणी आखाडा म्हणत नसे. श्रावणातल्या मंगळवारी रात्रभर फुगड्या, झिम्मा, पिंगा. दोन तास सलग फुगडी घालून बघा, मग कळेल दम कशाला म्हणतात. फरक एवढाच, की इथं घाम गाळला त्याला व्यायाम नाही म्हणायचं, व्रत म्हणायचं.

[दृश्य: सयाजीरावांचं तैलचित्र. कॅमेरा सरकत जमनाबाईंच्या छायाचित्राकडे.]

बडोदा संस्थानाचे राजे खंडेराव महाराज, त्यांना कुस्तीचं भारी वेड. ते गेले 1870 साली. पाच वर्षांनी, 1875 मध्ये, त्यांच्या विधवा राणी जमनाबाईंनी नाशिककडच्या कवळाण्याचा एक शेतकऱ्याचा मुलगा दत्तक घेतला. बारा वर्षांच्या त्या पोराला लिहिता-वाचता येत नव्हतं. तेच सयाजीराव. राज्याचा वारस एका बाईनं निवडला आणि मग त्याला शिकवलं, हे बडोदेकर कौतुकानं सांगतात. मला त्यातलं ‘शिकवलं’ जास्त महत्त्वाचं वाटतं.

सयाजीरावांनी 1906 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनाही. देशात अशी सक्ती करणारे ते पहिलेच. पण त्यातलं बारीक अक्षर वाचा. मुलगे सात ते बारा वर्षांपर्यंत, मुली सात ते दहापर्यंत. म्हणजे मुलगी दोन वर्षं आधी घरी.

लग्नाच्या वयाचंही तसंच. बडोद्याचा 1904 चा कायदा: मुलगी 12, मुलगा 16. बालविवाहाविरुद्धचा सारडा कायदा, 1929: मुलगी 14, मुलगा 18. मग 1978 ची दुरुस्ती: 18 आणि 21. पाऊणशे वर्षांत दोघांचं वय वाढत गेलं. नवरा बायकोपेक्षा मोठा असला पाहिजे, याला मात्र कुणी हात लावला नाही. चाराचा फरक तीनावर आला, एवढंच. याच संस्थानानं 1931 साली हिंदू बायकांना घटस्फोटाचा कायदा दिला, देशाच्या हिंदू विवाह कायद्याच्या चोवीस वर्षं आधी, हेही खरं.

[दृश्य: लक्ष्मी विलास राजवाडा. दुपारचं ऊन.]

राजवाड्यातही सरळ रेषेत काही घडलं नाही. सयाजीरावांच्या पत्नी महाराणी चिमणाबाईंनी पडदा सोडला, स्त्रियांच्या सार्वजनिक जीवनातल्या स्थानावर 1911 साली इंग्रजीत पुस्तक लिहिलं, 1927 साली पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष त्याच. आणि त्यांची मुलगी इंदिराराजे? तिचं लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलं होतं. मुलीनं ग्वाल्हेरला स्वतः पत्र लिहून ते मोडलं आणि 1913 साली कूचबिहारच्या जितेंद्र नारायणांशी लंडनला लग्न केलं. आईवडील लग्नाला गेले नाहीत. पुस्तकातली स्त्री घराबाहेर पडलेली चालत होती. घरातली बाहेर पडली, तेव्हा राजवाड्याची दारं लागली. हसू येतं, पण आपल्याकडे तरी वेगळं काय झालं असतं?

[दृश्य: महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा घुमट. सायकली, स्कूटर, मुलामुलींचे घोळके.]

1949 साली हे विद्यापीठ झालं आणि कुलगुरू झाल्या हंसाबेन मेहता. सहशिक्षण असलेल्या विद्यापीठाच्या देशातल्या पहिल्या स्त्री कुलगुरू. त्याच्या आधीच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात त्यांनी एक शब्द बदलायला लावला होता. मसुद्यात होतं, सगळे ‘मेन’ जन्मतः स्वतंत्र आणि समान. हंसाबेननी आग्रह धरून तिथं ‘ह्यूमन बीइंग्ज’ घालायला लावलं.

मराठीत आपली अडचण वेगळी. आपल्याकडे ‘माणूस’ आहे, सगळ्यांना पुरणारा. पण दुपारी दार वाजतं, काकू दार उघडतात आणि बाहेरचा विचारतो, “घरात कुणी माणूस नाही का?” काकू समोर उभ्या असतात. त्या ‘बाईमाणूस’.

हंसाबेनच्या विद्यापीठात गृहविज्ञानही आलं. पोषण, मुलांची वाढ, घराचा कारभार, सगळं प्रयोगशाळेत. आजी जे डोळ्यांच्या अंदाजानं करायची, त्याला तराजू आणि पदवी मिळाली. आज त्या विद्याशाखेच्या नावात ‘गृह’ नाही, ‘कुटुंब आणि समाज’ आहे.

[दृश्य: जुनी मुंज. आई आणि मुलगा एका ताटात जेवताना.]

आता या सगळ्या यादीत एक गोष्ट बघा. मुलींच्या शाळा, स्त्रियांचे उद्योगालय, महिला परिषद, गृहविज्ञान. दर पिढीला बाईपणाचा अभ्यासक्रम नव्यानं लिहिण्यात आला. पुरुषपणाचा तोच राहिला. आखाडा, नोकरी, गप्प बसणं. मुलग्यांना घरात राहायला शिकवणारी शाळा कुणी काढली नाही. त्यांच्या वाट्याला आली मुंज. तिच्यात मातृभोजन असतं, आईच्या ताटातलं शेवटचं जेवण. त्यानंतर तो बायकांच्या जगातून बाहेर. सोहळा गोड आहे, मी स्वतः त्या ताटातला लाडू खाल्लाय. पण त्याचा अर्थ लागायला मला पन्नाशी गाठावी लागली.

तसा एक पुरुष मराठी माणसानं डोक्यावर घेतला होता, जो ही सीमा रोज रात्री ओलांडायचा. बालगंधर्व. त्यांच्या गंधर्व नाटक मंडळीला बडोदा सरकारचा आश्रय होता. त्यांचं लुगडं नेसणं, केसांत गजरा माळणं बघून घरोघरच्या बायका तसं करायच्या. बाई कशी असावी, हे बायका एका पुरुषाकडून शिकत होत्या! आणि त्याच प्रेक्षकांतले बाप घरी येऊन मुलाला दटावत, “बायक्यासारखा मुरडतोस काय?” रंगमंचावरचं चालायचं, ओट्यावरचं नाही.

[दृश्य: नवरात्र. गरब्याचं मैदान. आरसे लावलेलं केडियू (घेरदार अंगरखा), घुमणारा घेर.]

ही सीमा ओलांडायची जागा बडोद्यात आजही आहे, वर्षातले नऊ दिवस. गरबा एके काळी मुख्यतः बायकांचा, मधोमध ठेवलेल्या छिद्रांच्या घटाभोवती. आज मराठी घरातला इंजिनिअर मुलगा आरशांचं केडियू घालतो, डोळ्यांत काजळ घालतो, कंबर लवचीक करायला महिनाभर क्लास लावतो. बापच त्याचे फोटो काढतो. त्याच आठवड्यात माजघरात भोंडला असतो, हत्तीच्या चित्राभोवती आजी आणि दोन मावश्या. मुली सगळ्या मैदानावर.

[दृश्य: अलकापुरीतला फ्लॅट. सकाळ. एक ॲक्टिव्हा बाहेर पडते.]

खरी उलथापालथ अशी गाजत आली नाही. ती ‘अहो’मधून आली. आजी आजोबांना ‘अहो’ म्हणायची, नाव घ्यायचं तर उखाण्यातच. आई ‘अहो’ म्हणते, पण रागावली की ‘तुम्ही’मध्ये एक धार असते. सून सासूसमोर नवऱ्याला म्हणते, “अरे, गॅस बंद कर.” पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा घरात भांडं पडल्यासारखी शांतता झाली होती. आता कुणाच्या लक्षातही येत नाही.

बाप मात्र मधल्या पिढीतला. रिफायनरीत पस्तीस वर्षं शिफ्ट केली. दुपारी तीनला घरी यायचा, तेव्हा चहा तयार असायचा. भावना म्हणजे पगाराचं पाकीट, तेही न मोजता हातात द्यायचं. प्रेम नव्हतं असं नाही. दाखवायला शिकवलं नव्हतं कुणी. अशा माणसाला निवृत्तीनंतर घर म्हणजे परकं ऑफिस वाटतं. फाइली कुठं ठेवल्यात, तेच ठाऊक नाही.

[दृश्य: स्वयंपाकघर. साठी उलटलेले काका. कढई, फोडणीचा डबा. मोबाइल ओट्याला टेकवलेला.]

काकू सकाळी कमाटी बागेत योगासनांच्या वर्गाला जातात. परत येताना मैत्रिणींबरोबर सेव-उसळही होते. काकांची आज चौथी आमटी. पहिल्या तिन्हींबद्दल बोलायचं नाही, असं घरात ठरलंय. ते व्हिडिओ कॉल लावतात.

“अगं, मोहरी आधी की हिंग?”

पलीकडं चारपाच बायकांचं हसणं ऐकू येतं. काकू फोन जवळ घेतात.

“मोहरी तडतडू द्या. घाई नको. मग हिंग.”

“तडतडली हे कळणार कसं?”

“कळेल. मागे सरा थोडे.”

[दृश्य: तेलात मोहरी. पहिला तडतड आवाज. काका एक पाऊल मागे.]