गोठ्याला जोडलेली शाळा

नमस्कार, श्रोतेहो.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रूस्टर या गावी रॉस कुटुंबाने १९४७ साली ७५ एकरांची दुभत्या जनावरांची शेती घेतली. घरातल्या तरुण सॅम्युअल रॉस यांनी तिथे ‘ग्रीन चिमनीज’ ही निवासी शाळा काढली. पुढे ती मनाने दुखावलेल्या, वर्तनाच्या अडचणी असलेल्या मुलांची शाळा म्हणून नावाजली. तिथली मुलं शिकता शिकता जनावरांची देखभाल करतात आणि त्यातून सावरतात. आपल्याकडे अशी शाळा उभारायची तर काय लागेल, त्याबद्दल आज बोलू.

सगळ्यात आधी एक नियम पक्का करा: जनावर हे बक्षीस नाही. ‘गणितं सोडवलीस तर करडाशी खेळू देऊ, मारामारी केलीस तर गोठा बंद’ असं एकदा जरी म्हटलं, तरी शाळेचा पायाच खचतो. अटी घालून केलेली माया या मुलांनी आधीच पुष्कळ पाहिलेली असते. शिवाय शेळीची भूक मुलाच्या वागण्यावर थांबून राहत नाही. मूल चिडलेलं असेल, जनावराजवळ जाणं धोक्याचं असेल, तर त्या दिवशी त्याचं काम बदला. कुंपणाबाहेरून पाणी भरू दे, पेंड मोजू दे. काम मात्र त्याचंच राहिलं पाहिजे.

सुरुवात शेळ्यांपासून करावी. उस्मानाबादी किंवा संगमनेरी, माणसांत वाढलेल्या पाच-सहा माद्या पुरेत. बोकड नको, तो माजावर आला की मोठ्या माणसालाही आवरत नाही. गाय दुसऱ्या वर्षी आणा. तिचं वजनच इतकं, की नुसतं अंग वळवलं तरी मूल भिंतीशी चेपलं जाईल.

दर शेळीमागे दहा चौरस फूट छपराखाली आणि वीस चौरस फूट मोकळं आवार धरा. जमीन मुरमाची आणि उताराची हवी, म्हणजे मूत्र साचत नाही आणि खूर सडत नाहीत. इथवर कुठल्याही शेळीपालकाला ठाऊक असतं. शाळेच्या गोठ्याला आणखी दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे समोरासमोर दोन फाटकं. एकाच फाटकात घाबरलेलं मूल आणि बिथरलेली शेळी एकदम शिरली, की धडक ठरलेली. दुसरी म्हणजे जनावरांसाठी आडोशाचा एक कप्पा, जिथे कोणत्याही मुलाने जायचं नाही. शेळीला निघून जाता येतं, तरीही ती जवळ येते, हे मुलाला दिसावं लागतं. खुंटीला बांधलेल्या जनावरापाशी ते दिसत नाही.

गोठ्याच्या भिंती कमरेइतक्याच ठेवा. मोठ्या माणसाच्या नजरेआड कोपरा नको, आणि हे मुलांच्या सुरक्षिततेसाठीही तितकंच गरजेचं आहे. विळे, फवारणीची औषधं कुलपात. कडब्याची गंजी वसतिगृहापासून लांब रचा, कारण तिथे उंदीर होतात आणि उंदरांमागे साप येतात.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो खाण्यात. मुलं माया दाखवतात ती खायला घालून. चार मुलांनी लपवून मूठमूठ मका किंवा उरलेली भाकरी घातली, की शेळीच्या पोटात आम्ल वाढतं, पोट फुगतं, आणि तीच शेळी दुसऱ्या दिवशी मेलेली सापडू शकते. ज्याने जास्त प्रेमाने भरवलं, त्याच्याच माथी तो अपराध बसतो. म्हणून धान्याची कोठी बंद ठेवा आणि खुराकासाठी, म्हणजे धान्य-पेंडीच्या मिश्रणासाठी, ठरलेलं एकच माप वापरा. मोठ्या शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवा चारा, पाऊण ते एक किलो वाळलेली वैरण आणि पाव किलोपर्यंत खुराक. हात भरवायला शिवशिवत असतील, तर सुबाभळीची डहाळी द्या. पण तीही मोजूनच, रोजच्या चाऱ्यात ती थोडीच असावी.

गोठ्यात एका वेळी चार मुलं आणि दोन मोठी माणसं, चाळीस मिनिटं. एकाने मुलांकडे पाहायचं, दुसऱ्याने फक्त जनावरांकडे. दोन्ही काम एकाच माणसावर टाकलं, की जनावराचा त्रास नजरेतून सुटतो. शेळी रवंथ थांबवते, दात खाते, कळपामागे दडते, तेव्हा तिचं त्या दिवशीचं काम संपलं. नव्या मुलाने पहिले काही दिवस कुंपणाबाहेर बसून नुसतं बघायचं. ज्या मुलाने पूर्वी जनावरांना इजा केली आहे, त्याला एकटं कधीच सोडू नका. त्याची सुरुवात रोपांपासून आणि गांडूळखतापासून करा, आणि पुढची पायरी समुपदेशकाला ठरवू द्या. गोठा उपचाराला जोड देतो, मानसोपचारतज्ज्ञाची जागा घेत नाही.

आता रोगराई. गोठ्यातून वर्गाकडे जायचा रस्ता एकच ठेवा आणि त्यावर साबण व वाहतं पाणी. शेळ्यांच्या ओठांवर येणारा मावा हा फोडांचा आजार आणि गजकर्ण मुलांच्या हातांवर उठतात. गाभडलेल्या, म्हणजे गर्भ पडलेल्या, शेळीजवळ किंवा तिच्या वारेजवळ मुलांना जाऊ देऊ नका, सांसर्गिक गर्भपाताचे जंतू माणसालाही ताप आणतात. दूध उकळल्याशिवाय कुणाला नाही. पावसाळ्यापूर्वी शेळ्यांना आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष तयार करणाऱ्या जंतूंच्या आजाराची, लस टोचून घ्या. कुत्रा ठेवणार असाल, तर त्याचं रेबीजचं लसीकरण चुकता कामा नये. चावा किंवा ओरखडा झाला तर जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि थेट दवाखाना गाठा.

काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं निवासी ठेवायची, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली नोंदणी लागते. लैंगिक अत्याचाराचा संशय आला, तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थेची चौकशी आधी उरकून मग कळवू, असं चालत नाही.

राहिला पैशांचा हिशेब. दुधाचं किंवा करडं विकण्याचं उत्पन्न अंदाजपत्रकात जमेला धरू नका. ते धरलं, की तोट्याच्या महिन्यात मुलांच्या हातून मजुरी करून घेण्याचा मोह होतो, आणि मुलाने नाव ठेवलेलं करडू बाजारात जातं. कोणतं जनावर म्हातारपणापर्यंत राहणार आणि कोणतं जाणार, हे खरेदीच्या दिवशीच लिहून ठेवा, आणि जाणाऱ्या जनावराची जबाबदारी कुठल्याही एका मुलाकडे देऊ नका. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं घरी जातात, पण गोठ्याला सुट्टी नसते. तेव्हा त्या दिवसांच्या दोन गड्यांचा पगार पहिल्याच वर्षाच्या खर्चात मांडा.